बाईंनी तपासलेला माझा काटा

सुलभाबाई गेल्याचं मला कळलं तेव्हा मी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या चौथ्या मजल्यावर चाकाच्या खुर्चीत बसून ती खुर्ची किती वाईट आहे हे सांगत होतो. कंपनी जागा सोडून चालली होती आणि सगळ्या खुर्च्या मला हव्या होत्या. घासाघिशीचा माझा नियम असा की जी वस्तू हवी तिच्यात बसायचं, डोलायचं आणि तोंड वाकडं करायचं. कंपनीचे साहेब तिसऱ्यांदा त्यांचा भाव बोलले आणि त्याच वेळी फोन वाजला. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीचा, ऋतुजाचा मेसेज होता. "काका, बाई गेल्या. सकाळी शाळेला निघताना चपला घालत होत्या, तिथंच बसल्या." मी तो दोनदा वाचला, साहेबांकडे बघितलं आणि म्हणालो, "ठीक है." उभ्या आयुष्यात मी समोरच्याचा भाव एक रुपयाही न उतरवता कबूल केला तो तेव्हाच. साहेब घाबरले. खुर्च्यांत सोनंबिनं आहे की काय असं त्यांना वाटलं असावं. "नहीं, मतलब... मुझे ऊपर पूछना पड़ेगा," म्हणाले. मी जिना उतरून खाली आलो आणि टेम्पोत नुसता बसून राहिलो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. मी लिहिणार आहेच, पण बाईंवर माझी एक तक्रार आहे आणि त्या गेल्या म्हणून ती मी मागे घेणार नाही. ती कळायला आधी बाई कोण, मी कोण हे कळलं पाहिजे. मी बबन, भंगाराचा व्यापारी. हातगाडीवर सुरुवात केली, आता हिंजवडीच्या पुढे आमच्या गावात रस्त्याला लागून माझा अर्ध्या एकराचा वाडगा, म्हणजे कुंपण घातलेलं आवार आहे आणि त्यात कंपन्यांचे कॉम्प्युटर, पंखे, केबली, खुर्च्या येतात नि जातात. लोक शेठ म्हणतात. रागीट आहे असंही म्हणतात, ते मला पटत नाही. बाई बार्शीकडच्या. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवायच्या, जवळच्या जांबे गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि स्कूटीवर यायच्या. स्कूटीच्या पुढच्या जागेत कायम काहीतरी अवजड, धारदार किंवा गळणारं असायचं.

पहिल्यांदा वाडग्यात आल्या त्या जळालेली मोटर घेऊन. तेव्हा राज्यभर शाळाशाळांतून विज्ञानाच्या पेट्या वाटल्या होत्या. त्या सगळ्या मोहिमेला एक चार अक्षरांचं इंग्रजी नाव होतं. बाईंनी मला ते फोडून सांगितलं, की विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित.

मी म्हणालो, "बाई, ह्या चारीत मी नापास हाय."

"चारीत कसे? अभियांत्रिकी तुम्हाला शाळेत होतं कुठं?"

"असतं तर त्यात बी झालो असतो."

आसपासच्या पुष्कळ शाळांत ती पेटी आली तशी कपाटात गेली, कारण त्यातलं काही फुटलं तर ते का फुटलं हे लिहून द्यावं लागे. एका ठिकाणी तर दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातलेला मी स्वतः बघितला. बाईंनी मात्र आल्या दिवशीच पेटी वर्गाच्या मधोमध रिकामी केली आणि महिन्याभरात त्यातली मोटर जळाली. "कशानं जळाली?" मी विचारलं. "मुलांनी जाळली." "मंग पोरांना हाणा." "कशाला? राज्यातली ती बहुधा एकच वापरलेली मोटर असेल!" असं म्हणून बाई हसल्या आणि माझ्या ढिगातून तशाच तीन मोटरी शोधून घेऊन गेल्या. घासाघीस करायच्याच नाहीत. वस्तू उचलायची आणि मुलं तिचं काय करणार हे सांगत सुटायचं. ह्या पंख्याची पवनचक्की होणार, ह्या झेरॉक्सच्या भिंगातून मुंगीच्या पायावरचे केस दिसणार... पंधरा मिनिटांनी मला वाटायला लागायचं की हे सगळं माझ्याच डोक्यातून निघालंय. मग मी स्वतःच वस्तू स्कूटीवर बांधून द्यायचो आणि त्या गेल्यावर माझ्यावरच चिडायचो.

आता काट्याचं. वाडग्यातला मोठा वजनकाटा मी धंद्याच्या सुरुवातीला घेतला. शेजारच्या गावातला एक धान्याचा व्यापारी दुकान मोडत होता. त्याचा काटा सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. त्यावर तोललेलं धान्य घरी नेलं की कमी भरायचं, आणि हे माहीत असूनही कुणाला काही करता यायचं नाही. मी मनात म्हटलं, असा काटा नशिबानंच मिळतो. दोन दिवस त्या माणसाच्या ओट्यावर बसून, काट्याला चाळीस नावं ठेवून मी तो पदरात पाडला. आजवर हे मी कुणाला, घरीसुद्धा सांगितलेलं नाही. काटा मालकाच्या बाजूनं झुकतो, एवढं मला कळलं होतं. त्यापुढे मी विचार केला नाही.

पण धंद्याला एक कीड लागली. वाडग्यात तोलून भरलेला माल भोसरीला मोठ्या व्यापाऱ्याच्या धर्मकाट्यावर, गाडीसकट तोलणाऱ्या काट्यावर गेला की कमी भरायचा, दर खेपेला. मी त्या व्यापाऱ्याच्या दारात उभा राहून शिव्या दिल्या. तो म्हणाला, शेठ, दुसऱ्या काट्यावर करून आणा. दुसऱ्यावरही तेवढंच. म्हणजे माल वाटेत जात होता. आणि वाटेत मालाबरोबर एकच माणूस असायचा, माझा ड्रायव्हर सोपान. गावचाच, नऊ वर्षं माझ्याकडे. कमी बोलणारा. तेव्हा मला वाटलं, कमी बोलतो म्हणजे लपवतो. एका संध्याकाळी भर चौकात मी टेम्पो अडवला आणि सगळ्यांच्या देखत ओरडलो, "माल कुटं उतरवतुयास रं? चोर हायेस तू!" सोपाननं किल्ली काढली, बॉनेटवर ठेवली आणि चालत घरी गेला.  ते मला अजून झोंबतं. भांडला असता तर मीही भांडलो असतो आणि अर्ध्या तासात दोघं चहा प्यायलो असतो.

ऋतुजा ही सोपानची मुलगी. तेव्हा ती सातवीत, बाईंच्या वर्गात होती. वर्गातल्या मुलांनी तिला काय ऐकवलं, ती किती दिवस शाळेत गेली नाही, यातलं तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. महिन्याभरानं बाई वाडग्यात आल्या ते हातात कागद घेऊन. म्हणाल्या, "शेठ, परिपत्रक आलंय. राज्यातल्या सगळ्या शाळांनी आपल्या परिसरातलं एक मोजमाप तपासून प्रकल्प करायचा आहे. आम्ही तुमचा काटा निवडलाय."

मी विचारलं, "माझाच का?"

"गावात एवढा मोठा दुसऱ्या कुणाचा आहे?"

नाही म्हटलं असतं तर गावाला कळलं असतं की काट्यात काहीतरी आहे. हो म्हणताना निदान अट घालावी, म्हणजे मन स्वच्छ दिसेल. मी म्हटलं, "तक्त्यावर माझ्या दुकानाचं नाव पाहिजे. मोठ्या अक्षरात." बाईंनी विचारलं, "केवढ्या?" मी हातानं दाखवलं. त्यांनी कागदावर तसं लिहूनही घेतलं.

शनिवारी सकाळी मुलं पाण्याचे कॅन घेऊन आली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मोजमाप फुकटचं आणि पक्कं, असं बाई म्हणाल्या. रिकामा कॅन आधी तोलायचा, मग पेटीतल्या मापानं पाणी मोजून भरायचं, मग काट्यावर. सगळं तीन-तीनदा. मी मनात हसत होतो. वर्षानुवर्षं धान्य नेणाऱ्या बायाबापड्यांना जे सिद्ध करता आलं नाही, ते ही शेंबडी पोरं पाण्यानं करणार होती. आकडे ऋतुजा लिहीत होती. मी वाकून बघायला गेलो तर तिनं वही छातीशी धरली. "बाई, काटा बरोबर हाय न्हवं?" मी हळूच विचारलं. "प्रदर्शनाला या," बाई म्हणाल्या.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला मी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून गेलो आणि खिशात तीन उत्तरं तयार ठेवली. काटा जुना आहे, कॅन गळके होते आणि तिसरं, आवाज चढवून, माझ्या इभ्रतीचा प्रश्न आहे. तक्ता लांबूनच दिसला. माझ्या दुकानाचं नाव अगदी मी दाखवलेल्या मापाचं होतं. प्रकल्पाचं नाव त्याखाली, बारीक. ऋतुजा छडी घेऊन उभी होती आणि परीक्षकांना सांगत होती, "ह्या काट्यावर वीस किलो ठेवलं की एकवीस दिसतं."

पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. "खोटं! मी आजवर कुणाचं एक ग्रॅम खाल्लं न्हाई!"

ऋतुजा म्हणाली, "बरोबर हाय काका. तुमी खाल्लंच न्हाई. तुमी सगळ्यांकडून वीस किलो घेऊन एकवीसचे पैसे दिल्यात."

तो हशा मी विसरणार नाही. चोर म्हटले असते तर मी निभावलं असतं, त्याची उत्तरं खिशात होती. पण इथं तर गावातल्या सगळ्यात पक्क्या माणसाला त्याचाच काटा रोज लुटत होता. तेवढ्यात त्या मुलीनं छडी दुसऱ्या रकान्यावर ठेवली आणि आवाज जरा मोठा करून म्हणाली, "म्हणून ह्या काट्यावर तोललेला माल दुसऱ्या काट्यावर कमी भरायचा. वाटेत कुणी काही उतरवत नव्हतं." मागे भिंतीला टेकून सोपान उभा होता. तेव्हा मला परिपत्रकाचा सगळा अर्थ लागला. मोजमाप कुठलंही चाललं असतं. बाईंना माझाच काटा हवा होता.

परीक्षकांनी विचारलं, "छान. पण काटा असा का झाला? कारण काय?" ऋतुजानं बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या टेबलावरच्या ज्वालामुखीकडे बघायला लागलो, जो प्रत्येक प्रदर्शनात असतो. बाई म्हणाल्या, "कारणाचा शोध चालू आहे, सर." कारण नाही म्हणून गुण कापले गेले. ज्वालामुखी जिल्ह्याला गेला आणि आमचा काटा तालुक्यालाच राहिला.

दुसऱ्या दिवशी वाडग्यापुढे गर्दी. मला वाटलं सांत्वनाला आले. तर लोक सांगायला आले होते की काटा आहे तोच ठेवा, बरा आहे. एका आजींनी तर शाळेत जाऊन बाईंनाच झापलं, "चांगला चाललेला काटा बिघडवायला तुमाला पगार देत्यात व्हय?"

चार दिवसांनी बाई आल्या. मुलं बरोबर नव्हती. विचारलं, "शेठ, हा काटा कुणाकडून घेतला होता?" मी त्या धान्यवाल्याचं नाव सांगितलं. बाई जे हसायला लागल्या ते जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यांच्या ढिगावर बसल्याच. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, तो विकत होता! विकणाऱ्याला काटा जास्त दाखवणारा लागतो. तुम्ही विकत घेणारे! तुम्हाला कमी दाखवणारा हवा होता. लबाडीला पण गणित लागतं, शेठ." मुद्दाम घेतला होता हे मी बोललो नव्हतो. बाईंना ते सांगावं लागलं नाही.

मग त्या उठल्या, साडी झटकली आणि विचारलं, "सोपानला काय सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचंय? तुमच्या पोरांनी सिद्ध केलं न्हवं? सगळ्या तालुक्याला कळलं."

"मुलांनी मुलांचं काम केलं. तुम्ही काय सांगितलंत?"

माझं डोकं फिरलं. "बाई, शाळा तुमची, धंदा माझा. ड्रायव्हरशी काय बोलायचं ते मी बघीन."

"बरं," बाई म्हणाल्या आणि स्कूटी सुरू केली.

माझी तक्रार आहे ती इथं. घासाघिशीत पहिल्या खेपेला कुणी हो म्हणत नसतं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मी नाही म्हणालो ते दुसऱ्यांदा विचारलं जाईल म्हणून. दुसऱ्यांदा मी कुरकुरलो असतो, तिसऱ्यांदा कबूल झालो असतो. आणि बाईंनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही! त्यानंतर सहा-सात वर्षं त्या दर पंधरवड्याला वाडग्यात येत होत्या. केबली नेल्या, बॅटऱ्या नेल्या, एक आख्खी लिफ्टची मोटर नेली. दरवेळी मी उत्तर तयार ठेवायचो. एकदा तर मीच म्हणालो, "बाई, आनखी काय विचारायचंय का?" तर म्हणाल्या, "हो, त्या पंख्याची पाती वेगळी मिळतील का?" असा व्यवहार अर्ध्यावर सोडून जाणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. प्रदर्शनानंतर महिन्याभरानं सोपानच्या घरी गेलो. वाटेत बोलायचं पाठ करत होतो, पण त्याच्या दारात पोचल्यावर तोंडातून निघालं ते असं, "सोपान, झालं गेलं मी विसरलो. ये कामावर. मी तुला माफ केलं." सोपाननं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "लई उपकार झाले, शेठ," आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. पुढल्या आठवड्यापासून तो हिंजवडीत कंपनीची कॅब चालवायला लागला. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "त्याला माफ केलं? तुमी?" आणि दोन दिवस मला जेवण वाढलं, पण बोलली नाही.

शोकसभा शाळेतच झाली, बाईंच्या वर्गात. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. खोलीत सगळं माझ्याच वाडग्यातलं होतं, छताला टांगलेले ग्रह खुर्च्यांच्या चाकांचे, खिडकीतली पवनचक्की पंख्याची, आणि पेटीतल्या फुटलेल्या वस्तूंना एका फळीवर मानानं मांडून खाली चिठ्ठ्या लावलेल्या, कुणी फोडली आणि फुटताना काय कळलं. मला बोलायला सांगितलं. मी काट्याची गोष्ट सांगितली, लोक हसले, रडता रडता हसले. आणि काय झालं कोण जाणे, मी थांबलो नाही. म्हणालो, "तो काटा मी लोकांना फसवायला म्हणून मुद्दामच घेतला होता. परीक्षकांनी विचारलेलं कारण हे. बाईंना ते माहीत होतं. त्यांनी पोरांचा नंबर जाऊ दिला, पण माझं नाव घेतलं नाही."  मी खाली बसलो. मला वाटलं, झालं, सुटलो.

बाहेर सोपान त्याच्या कॅबला टेकून उभा होता. मी म्हटलं, "सोपान, बोललो बाबा सगळं."

"काय बोल्ला? बाईंचं बोल्ला, काट्याचं बोल्ला, सोताचं बोल्ला. माझं नाव कुटं घेतलं?"

खरंच घेतलं नव्हतं. "मग आता घेतो. चल आत."

"आत न्हाई. चोर म्हनला तवा चौकात म्हनला हुता."

मी घासाघीस केली. देवळात बोलतो म्हटलं, ग्रामपंचायतीत बोलतो म्हटलं. तो ऐकेना. शेवटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात गेलो. पण आता तो चौक पूर्वीचा राहिलाय कुठं? कंपन्या सुटलेल्या, कॅबला कॅब चिकटलेली, त्यात सोपानची अडकलेली. मी दोन गाड्यांच्या मधे उभा राहून छातीवर हात ठेवून ओरडलो, "सोपान चोर नव्हता!" मागचा ड्रायव्हर हॉर्न दाबून म्हणाला, "चाचा, साइड में बोलो ना!" कॅबमधल्या एका मुलीनं कानातला इअरफोन काढून माझ्याकडे बघितलं आणि परत घातला. सोपाननं काच खाली केली.

"ऐकू आलं न्हाई, शेठ."

मी परत ओरडलो. "हार्नात कुनाला ऐकू जानार? गावातलं हितं हाय कोन?" तो म्हणाला. "लिवून द्या. पेपरात."

"पेपरात कशाला? गावच्या ग्रुपवर टाकतो की!"

"ग्रुपवरचं सकाळपतुर खाली जातंय." सिग्नल सुटला आणि तो गेला. जाताना हसत होता, मला त्याच्या गाडीच्या आरशात दिसलं.

म्हणून हा लेख. कच्चा लिहून झाल्यावर ऋतुजाला दाखवला. ती आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी लिहिलं होतं, "सोपानबद्दल माझा काहीसा गैरसमज झाला होता असं म्हणता येईल." तिनं पेन्सिलीनं 'काहीसा' खोडलं. मग 'असं म्हणता येईल' खोडलं. मी म्हटलं, "अगं, एक तरी राहू दे."  पेन्सिल कागदावर टेकवून नुसती बसून राहिली, माझ्याकडे न बघता, जसं काही तिला आख्खा दिवस मोकळा आहे. वर्गात मुलाचं उत्तर चुकलं की बाई अश्शा बसायच्या म्हणे. पाच मिनिटं मी पंख्याकडे बघितलं, मग 'गैरसमज' मी स्वतःच खोडला आणि खाली नव्यानं लिहिलं. ते तिनं तसंच ठेवलंय.

सोपान नऊ वर्षं माझा टेम्पो चालवत होता. त्यानं माझ्या मालातला एक खिळासुद्धा नेला नाही. मी त्याला चौकात चोर म्हणालो. तो चोर नव्हता. काटा माझा होता.